कोंडलेली यादी

रक्तपेढीत रुजू झाल्याच्या तिसऱ्या सकाळी ब्राह्मी चौगुलेला मेलेल्या माणसानं केलेलं काम दिसलं.

तशी ती भित्री नव्हती. माधवनगरच्या गिरणीच्या चाळीत वाढलेली, पुढं पुण्यात चार वर्षं एका कंपनीत नोकरी केलेली. तिथं तिचं काम एकच होतं. लोकांच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस काय काय पकडतोय ते बघायचं. संशय आलेली फाइल क्वारंटाईनमध्ये पडते, म्हणजे कोंडली जाते. तिथून तिला चालता येत नाही, कुणाला बाधता येत नाही. मग माणसानं ठरवायचं, पुसून टाकायची की चुकून धरली म्हणून सोडून द्यायची. ब्राह्मीचा हात पुसण्याकडेच जास्त वळायचा. "सोडलेलीचा जाब विचारतात, पुसलेलीचा कुणी विचारत नाही," असं तिचे तिथले साहेब म्हणायचे. ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि ती सांगलीला परतली. रक्तपेढीत कॉम्प्युटर बघणाऱ्याची जागा आठ महिने रिकामी होती. आधी त्या जागेवर जिनदत्त मगदूम होते. नोंदणीच्या खोलीत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले. ऐन दुपारी, समोर रक्तदात्यांची रांग असताना. त्या खुर्चीवर अजून कुणी बसत नव्हतं. कॉम्प्युटर मात्र चालू होता.

त्या सकाळी तिनं सगळ्या कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरसच्या नोंदी उघडल्या. आठांवर किरकोळ कचरा होता. नवव्यावर, त्या कोपऱ्यातल्यावर, रोज एकच गोष्ट घडत होती. साडेआठला 'उजाडलं' नावाची फाइल धरली, कोंडली. आठ बेचाळीसला ती कुणीतरी सोडवली. सोडवणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं, जिनदत्त.

तिनं पानं मागं मागं सरकवली. काल. परवा. गेला महिना. उन्हाळा. रविवार सोडला तर एक दिवसाचा खंड नव्हता. जिनदत्त मगदूम वारले त्यानंतरच्या आठवड्यापासून ते आज सकाळपर्यंत जिनदत्त मगदूम रोज ती फाइल सोडवत होते.

ती उठून डॉक्टर राजवर्धनांच्या खोलीत गेली. रक्तपेढीचे प्रमुख तेच.

"त्याचं खातं बंद करायचं राहिलं असेल. होत असेल आपोआप," ते कागदावरून नजर न काढता म्हणाले.

"धरली जाते आपोआप, सर. सुटत नाही. पासवर्ड टाकावा लागतो."

आता त्यांनी वर बघितलं. "मग बघ तू," म्हणाले.

प्रयोगशाळेतल्या सृष्टीला विचारलं तर ती हातातली काचपट्टी खाली ठेवून हळू आवाजात म्हणाली, "तो प्रिंटरपण सुरू होतो. रोज सकाळी, एकच पान. आवाज येतो इथपर्यंत. आम्ही कुणी नऊच्या आत त्या खोलीत जात नाही."

"आणि ते पान?"

"नऊला गेलं तर काहीच नसतं तिथं."

दुसऱ्या दिवशी ब्राह्मी लवकर निघाली. तरी बस अडकली आणि ती आत शिरली तेव्हा पावणेनऊ झाले होते. खोलीत कुणी नव्हतं. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. कोपऱ्यातली खुर्ची जरा मागं ओढलेली, कुणी आत्ता उठून गेल्यासारखी. प्रिंटरवर एक पान होतं. तिनं ते उचललं, कोमट लागलं.

वर मथळा नाही, तारीख नाही. नुसती अकरा नावं, गाव आणि पुढं एक आकडा.

भाऊसो, शिरवळ. सव्वीस.

साक्षी, वाई. शून्य.

जयराज, तासगाव. शून्य. बाहेरगावी.

अशी ती वाचत खाली आली. शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली.

ब्राह्मी, माधवनगर. शून्य. सापडली नाही.

खोलीत पंखासुद्धा चालू नव्हता. तिनं मागं वळून बघितलं, मग पान घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि बाहेर येऊन उन्हात उभी राहिली. माधवनगरात ब्राह्मी नावाच्या आणखी मुली असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. जैनांच्या घरात हे नाव असतंच. पण जिथं आपण चारच दिवसांपूर्वी आलो, तिथं मेलेल्या माणसाच्या कागदावर आपलं नाव यावं, आणि पुढं 'सापडली नाही' असावं, हे मनाला पटेना.

त्याच्या पुढच्या दिवशी ती आणखी लवकर निघाली, तरी पोचेपर्यंत पान छापून झालं होतं. तिनं कालचं शेजारी धरलं. भाऊसो, शिरवळ, पंचवीस. आणखी चौघांचा आकडा एकेकानं उतरला होता. शून्यावरचे शून्यावरच होते. कुणीतरी या माणसांचे दिवस मोजत होतं. ज्यांचे संपले त्यांच्यात तिचं नाव होतं, आणि तिला शोधलं जात होतं. घरी वडील निम्मं अंग लुळं पडून खाटेवर. त्या दुपारी तिला डबा उघडवेना.

तिनं फार विचार केला नाही. फाइल पुन्हा कोंडली. जिनदत्तचं खातं बंद केलं. तिच्याशिवाय कुणालाही कोंडलेलं काही सोडवता येऊ नये अशी कडी लावली, आणि तीस दिवसांनी फाइल कायमची पुसली जाईल असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या सकाळी प्रिंटर गप्प होता. नोंदणीच्या खोलीत बिराप्पा, म्हणजे जतकडचे म्हातारे शिपाई, फडकं हातात घेऊन कॉम्प्युटरसमोर उभे होते. पडद्यावरच्या लाल चौकटीकडं बघत.

"काय झालं, मामा?"

"काय न्हाई, बाई," ते म्हणाले आणि बादली उचलून निघून गेले.

सृष्टीनं सुटकेचा श्वास टाकला. नऊच्या आधीही माणसं त्या खोलीत जायला लागली. ब्राह्मीला मात्र चैन पडेना. दिवसातून चार वेळा ती कोंडलेल्या फायलींची यादी उघडायची. 'उजाडलं' तिथंच असायची. पुढं उरलेले दिवस. वीस. पंधरा. नऊ. आता दिवस तीच मोजत होती. एकदा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी काम करताना कुणीतरी खांद्यामागून वाचतंय असं वाटलं. तिनं पाठीमागं बघितलंच नाही, कारण बघितलं असतं तर खुर्ची दिसली असती.

पाच दिवस उरले होते. सकाळी साडेनऊला साताऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरांनी तो उभ्या उभ्या घेतला, आणि बोलता बोलता खाली बसले.

"वाईची बाई आहे," त्यांनी फोन ठेवून सगळ्यांना सांगितलं. "आठवा महिना. आतून रक्त जातंय. ऑपरेशन करायचंय पण गट बॉम्बे निघाला. दोन पिशव्या तरी हाताशी असल्याशिवाय ते हात लावत नाहीत."

बॉम्बे गट म्हणजे काय ते ब्राह्मीला सृष्टीनं सांगितलं. वरवर तपासलं तर ओ वाटतो. पण ओ दिलं तर माणूस दगावतो. या गटाच्या माणसाला याच गटाचं रक्त चालतं, आणि दहा हजारांत एखाद्याचा असतो.

"जिनदत्त असता तर दहा मिनिटांत माणसं उभी केली असती," डॉक्टर म्हणाले. "या गटाच्या माणसांची सगळी यादी त्याच्या डोक्यात होती. आपण कधी लिहून घेतली नाही त्याच्याकडून."

दारात बिराप्पा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. कप किणकिणायला लागले म्हणून सगळ्यांनी तिकडं बघितलं.

"डोस्क्यात नव्हती," ते म्हणाले. "कॉम्प्युटरात हाय. साहेब रजेवर असले की मलाच सांगायचे. लाल चौकट आली की दुसरं बटण दाबायचं, ह्यो पासवर्ड टाकायचा, पान आलं की घ्यायचं. ते गेल्यावर कुणी बंद कर म्हणालं न्हाई. म्हणून मी दाबत हुतो. फरशी पुसायच्या आदी दाबायचो आन् पान घेऊन घरी जाताना मगदूमवहिनींना द्यायचो. एक महिना झाला, बाईंनी कोंडली."

ब्राह्मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मामा, मला का नाही सांगितलंत?"

"दुसऱ्याच्या नावानं करत हुतो न्हवं. नोकरी जाईल वाटलं."

ती कोपऱ्यात गेली. आता त्या खुर्चीत बसण्यावाचून इलाज नव्हता. बसली. खुर्चीची गादी एका बाजूला दबलेली होती. आधी तिनं कॉम्प्युटरची नेटची वायर काढली, कारण अजूनही फाइल खरंच बाधलेली असण्याची शक्यता होती आणि बाकी आठांवर सगळ्यांचे रक्तगट होते. मग कोंडीतून 'उजाडलं' निवडली. तिच्या आत काय लिहिलंय ते आज पहिल्यांदा उघडून वाचलं. साधा, एकहाती, जुन्या वळणाचा प्रोग्रॅम. पुरुषानं रक्त दिलं की नव्वद दिवस, बाईनं दिलं की एकशेवीस. रोज सकाळी, मागच्या वेळेपासून गेले तेवढे दिवस कमी करायचे आणि नवा आकडा स्वतःच्याच पोटात लिहून ठेवायचा. रोज स्वतःला बदलणारी फाइल, म्हणून अँटिव्हायरस रोज तिला चोर समजत होता. शून्य म्हणजे ते माणूस पुन्हा रक्त द्यायला मोकळं झालं. बाकी काही नाही.

तिनं फाइल सोडवली. प्रिंटर घरघरला, सगळी खोली गप्प राहून ते ऐकत होती. पान आलं. भाऊसो, शिरवळ, शून्य.

"नंबर?" डॉक्टरांनी विचारलं.

"नंबर वहिनींच्या वहीत," बिराप्पा म्हणाले, आणि त्यांनीच आपल्या मोबाईलवरून फोन लावून स्पीकर चालू केला. "वहिनी, आज पान आलंय."

पलीकडून जिनदत्तांच्या पत्नीचा, गुणमाला मगदूमांचा आवाज आला, अगदी शांत. "कुणाला पाहिजे?" त्यांना सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "शिरवळच्या भाऊसोंना मीच सांगते. ते माझा आवाज ओळखतात. तिथून सातारा तासाभरावर हाय. पण वाईची बाई कोण म्हणालात?"

"साक्षी," डॉक्टर म्हणाले.

फोन तसाच चालू राहिला आणि पलीकडं कुणीतरी पाटावर की खुर्चीवर बसल्याचा आवाज झाला.

एक पिशवी झाली. पान घेऊन डॉक्टर एकेक नाव वाचत होते. तिघं पासष्टीच्या पुढं गेलेले, जयराज सैन्यात, बाकीच्यांचे दिवस उरलेले. "ही माधवनगरची ब्राह्मी कोण? सापडली नाही म्हणतोय."

"मी असेन, सर," ब्राह्मी म्हणाली.

सहा वर्षांपूर्वी कॉलेजच्या शिबिरात तिनं एकदा रक्त दिलं होतं. चक्कर आली, मैत्रिणी हसल्या, म्हणून पुन्हा कधी दिलं नाही. सृष्टीनं जुनं रजिस्टर काढलं. शिबिराच्या पानावर तिच्या नावापुढं 'ओ' लिहिलेलं आणि मग लाल शाईनं खोडलेलं. खाली बारीक अक्षरात: पत्र परत आलं, चाळ पाडली, समक्ष जाऊन आलो दोनदा, सापडली नाही. ते अक्षर जिनदत्तांचं होतं. चाळ पाडल्यावर तिच्या घरची माणसं चार गल्ल्या सोडून राहायला गेली होती, एवढंच. आणि हा माणूस तिला हुडकत मोकळ्या पडलेल्या जागेवर उभा राहिला होता.

बोटाला सुई टोचून सृष्टीनं थेंब घेतला. एरवी सगळ्यांच्या रक्ताच्या गाठी करणारं रसायन तिच्या थेंबात घातलं तर गाठी झाल्याच नाहीत. थेंब तसाच लालभडक, सरळ राहिला. डॉक्टरांनी दोनदा खात्री केली आणि तिला खाटेवर झोपायला सांगितलं.

पिशवीच्या तपासण्या होईतो दुपार झाली. चक्कर येत होती तरी ब्राह्मी जीपमध्ये बसली. बिराप्पांनी रक्ताच्या पिशवीचा खोका मांडीवर धरला होता. ती सारखं त्या खोक्याकडं बघत होती. आपल्याच अंगातलं, बर्फात ठेवलेलं, आपल्या आधी कुणाला तरी ठाऊक असलेलं.

साताऱ्यात पोचायला साडेचार झाले. भाऊसो बारालाच येऊन रक्त देऊन गेले होते, त्या एका पिशवीच्या भरवशावर ऑपरेशन उरकलं होतं. ब्राह्मीची पिशवी आत गेली. बाहेरच्या बाकावर साक्षीची सासू शालूबाई बसल्या होत्या. पदर तोंडाशी धरलेला.

"सांगलीस्नं आलासा व्हय?" त्यांनी विचारलं. "लय उपकार झालं. सून वाचती म्हनत्यात डाक्टर."

"आणि बाळ?"

शालूबाईंनी मान हलवली. "पोरगी हुती. सकाळी नऊलाच कापनार हुते, तवा ठोकं पडत हुतं तिचं. रगात न्हवतं म्हनून थांबलं. थांबलं तवर..." त्यांनी वाक्य तोडलं. मग जरा वेळानं, "पयल्या खेपंला एक बाई सांगलीस्नं फोन करायच्या. रगात आदीच भरून ठेवूया म्हनायच्या. औंदाबी करत हुत्या. मग महिनाभर फोनच आला न्हाई. आमी वाट बघितली. कामात असत्याल म्हटलं."

तिनं दाबलेली एक कळ वाईच्या एका घरात फोन न वाजण्यापर्यंत पोचली होती. तिनं शालूबाईंना ते सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं, आणि शालूबाईंनी तिच्या हातावरचा कापूस बघून त्यावर आपला हात ठेवला तेव्हा ते तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती गुणमालाबाईंच्या घरी गेली. चप्पल उंबऱ्याबाहेर काढतानाच तिला दिसलं, की आतल्या टेबलावर छापील पानांचा गठ्ठा होता, कडेला कड नीट लावलेला. ती खाली बसली आणि कुठंही आडवळण न घेता सगळं सांगितलं. घाबरले, कोंडली, कुणाला विचारलं नाही.

गुणमालाबाईंनी ऐकून घेतलं. त्यांचा राग चेहऱ्यावर आला नाही, आवाजातही नाही, त्यामुळं ब्राह्मीला जास्त जड गेलं.

"बिराप्पा बटण दाबतो हे मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी काही खुळी न्हाई. पण रोज संध्याकाळी ह्यांचं पान घरात यायचं. ते वाचायचं, फोन करायचे. भाऊसोंना, साक्षीला. आठ महिने मला हे गेल्यासारखं वाटलंच न्हाई. मग पान थांबलं. बिराप्पा रिकाम्या हातानं दारात उभा राहिला. मला वाटलं, आता खरंच गेले. मी वही मिटून ठेवली. मिटायला नको होती. साक्षीचा आठवा लागलाय हे मला ठाऊक होतं."

"चूक माझी आहे, काकू."

"तुझी हाय. माझीपण हाय. वाटून घेतल्यानं कमी होत न्हाई ती." त्यांनी वही तिच्यापुढं सरकवली. "हे नंबर. आता तू कर फोन. मी शेजारी बसते."

ब्राह्मीनं फाइल पुन्हा तपासली, अँटिव्हायरसनं धरू नये अशा फायलींच्या यादीत घातली, तिची नक्कल दोन ठिकाणी ठेवली. डॉक्टरांना सगळं लेखी दिलं. त्यांनी वाचून कपाटात ठेवलं, तिला एका शब्दानं बोलले नाहीत. पान रोज छापून येऊ लागलं. लाल चौकट आता येत नव्हती, तरी बिराप्पा फरशी पुसण्याआधी क्षणभर तिथं उभे राहायचे.

वाईचा नंबर फिरवायचा तिनं तीन आठवडे टाळला. मग एका दुपारी, गुणमालाबाई शेजारी बसलेल्या असताना, फिरवला. साक्षीनंच उचलला. आवाज बारीक होता. ब्राह्मीनं नाव सांगितलं, तब्येत विचारली, गोळ्या घेताय का विचारलं. आणि मग थांबून, फाइल, पान, बंद पडलेला फोन, सगळं सांगितलं. फोन ठेवला जाईल असं तिला वाटलं.

"तुमचंच रगात व्हय माझ्यात?" साक्षीनं विचारलं.

"हो. एक पिशवी."

"मला दुपारची झोप लागली की पाळणा हलल्यागत आवाज येतोय. घरात पाळणा न्हाई. कुनाला सांगितलं तर येड्यात काढत्यात." मग तिनं विचारलं, "तुमाला येतोय का?"

गुणमालाबाईंनी ब्राह्मीकडं बघितलं. बाहेर दुपार तापलेली होती आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"येतो," ब्राह्मी म्हणाली.